मित्रांच्या हातची लग्नपत्रिका

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत अध्यक्ष-कार्यवाहांच्या याद्या, नाट्यप्रयोगांची छायाचित्रे आणि वास्तुनिधीचा हिशेब यांना मानाचे पान मिळते, आणि ते उचितच आहे. तथापि परप्रांती वसलेल्या मराठी समाजाचा इतिहास मंडळाच्या कार्यवृत्तांत जितका असतो, तितकाच तो सभासदांच्या घरच्या पत्र्याच्या ट्रंकांतही दडलेला असतो. जन्मकुंडल्या, जुन्या पावत्या आणि पत्रे यांच्या गठ्ठ्यात एखादी तरी लग्नपत्रिका सापडते. तिच्या कोपऱ्यावर हळदीचे बोट असते, अक्षर कुणा मित्राचे असते आणि कडेची वेलबुट्टी कुणा मैत्रिणीने काढलेली असते. लग्नाची तिथी आप्तेष्टांस कळविणाऱ्या या कागदाचा, आणि तो घडविणाऱ्या हातांचा, इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आधी तिथी, मग निमंत्रण

‘लग्न’ या शब्दाचा मूळ ज्योतिषशास्त्रीय अर्थ पूर्व क्षितिजावर उगवणारी रास असा आहे. ती शुभ रास ज्या घटकेस उदय पावते ती विवाहाची घटका, आणि ती घटका ज्या कागदावर लिहिली जाते ती लग्नपत्रिका. म्हणजे हा कागद प्रथम वधूवरांच्या दोन घरांमधला होता. जोशीबुवांनी मुहूर्त काढावा, तो कागदावर लिहावा, त्यास कुंकू लावावे, त्याची पूजा व्हावी आणि मग तो दुसऱ्या घरी जावा, असा क्रम असे. गुजरातेतील कंकोतरी, उत्तरेकडील ‘लगन’ पाठविण्याची चाल आणि आपली कुंकुमपत्रिका या एकाच कुळातल्या बहिणी आहेत. विवाहाच्या कित्येक आठवडे आधी केवळ तारीख कळविणारे जे कार्ड हल्लीची तरुण मंडळी पाठवितात, ते पाश्चात्त्य वळणाचे म्हणून ओळखले जाते. परंतु तिथी आधी आणि सविस्तर निमंत्रण मागाहून, ही रीत आपणांस मुळीच परकी नाही.

पाहुण्यांस बोलावण्याचे काम मात्र फार काळ कागदाकडे नव्हते. ते अक्षतेकडे होते. कुंकवाने माखलेले तांदूळ घेऊन घरची माणसे वाजंत्र्यांसह निघत, पहिली अक्षत देवास ठेवीत आणि मग घरोघर जात. पुण्यात हा पहिला मान कसबा गणपतीचा. सासरी गेलेल्या लेकीस आणावयाचे तर तिला ‘मूळ’ पाठविले जाई, म्हणजे तिला घेऊन येण्यासाठी माहेरचे माणूस जाई. १७८३ साली पुण्यात झालेले सवाई माधवरावांचे लग्न तर नाना फडणीसांनी करविलेल्या बारीकसारीक याद्यांमुळे आजही इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. बोलावणे, मानपान आणि बंदोबस्त यांचे हे शास्त्र पेशवाईत कोणत्या थरास पोहोचले होते, हे त्यावरून दिसते.

आपण जेथे जेथे जाऊन राहिलो, तेथील भूमीचीही अशीच रीत आपणांस आढळली. ओडिशात सुपारी व हळदीचे तांदूळ देऊन निमंत्रण होते आणि पहिले निमंत्रण पुरीच्या जगन्नाथास जाते. उत्तरेत पिवळे तांदूळ देतात. राजस्थानात रणथंभोरच्या किल्ल्यावरील त्रिनेत्र गणेशास देशभरातून लग्नपत्रिका टपालाने येतात आणि देवापुढे ठेवल्या जातात. परप्रांती आलेल्या मराठी कुटुंबास शेजाऱ्यांची भाषा कळण्यापूर्वी त्यांची अक्षत कळली, असे म्हणण्यास हरकत नाही.

बोरू, टपाल आणि हळदीचे बोट

नातलग एका गावात होते तोवर अक्षत पुरली. ते पांगले तेव्हा कागद अपरिहार्य झाला. तंजावर, बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर येथे मराठी घराणी राजसत्तेबरोबर गेली होतीच. इंग्रजी अमलात कारकून, शिक्षक, तारबाबू, रेल्वेचे नोकर आणि वकील यांचा त्यात भर पडली. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. १८५४ साली हिंदुस्थानभर अंतर न पाहता पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा असा एकच दर ठरला. १८७९ च्या जुलैत पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. या तीन घटनांनी लग्नाच्या बोलावण्याचे रूप पालटले. लेकीस आणावयास माणूस धाडण्याऐवजी कार्ड धाडता येऊ लागले.

ही प्रारंभीची पत्रे हातानेच लिहिलेली असत, आणि ती एका हाताने लिहून होत नसत. घरातील किंवा आळीतील ज्याचे अक्षर सुवाच्य त्यास पाचारण होई. बोरू तासून घ्यावयाचा, काजळीची शाई खलावयाची, लिहिलेल्या ओळीवर बारीक वाळू भुरभुरावयाची आणि सुकली की झटकावयाची. रोजचा व्यवहार मोडीत चाले. पण मंगलकार्याच्या पत्रास पुष्कळ ठिकाणी बाळबोध अक्षर पसंत केले जाई. लिहिणारे चौघे असले तर एक मजकूर सांगे, दोघे लिहीत आणि चौथा नावांची यादी ताडून पाही. शेवटी घरातली वडीलधारी स्त्री प्रत्येक पत्राच्या चारही कोपऱ्यांस हळदकुंकू लावी. त्या बोटाचे काम केवळ शोभेचे नव्हते. दूरदेशी टपालवाल्याने पत्र हाती ठेवले की काळजात धस्स होई. पिवळा कोपरा दिसताच, वाचता न येणाऱ्या आजीलाही वार्ता शुभ आहे एवढे उमगे.

खिळे आणि शिळा

मराठी मुद्रणाचा आरंभ महाराष्ट्राबाहेर झाला, ही गोष्ट बृहन्महाराष्ट्रातील वाचकांस अभिमानाची वाटावी. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले, आणि त्यांच्या मराठी ग्रंथकार्यास वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. तिकडे तंजावरास सरफोजी महाराजांनी देवनागरी छापखाना उभारला. त्यातून १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापनीतीवर आधारलेले पुस्तक बाहेर पडले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले. छापील कागद सोवळ्यात चालेल की नाही या शंकेचे निरसन करण्यासाठी त्यांनी शाईत तूप वापरल्याचे सांगितले जाते. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ सालचा. पंचांग छापील झाले, पोथी छापील झाली, तेव्हा लग्नपत्रिकेनेही छापखान्याची पायरी चढावी हे क्रमप्राप्तच होते.

शिळाछापाची एक खुबी अशी की त्यात हस्ताक्षरच छापले जाते. चिकट शाईने कागदावर लिहावयाचे आणि ते दगडावर उतरवावयाचे. त्यामुळे सुंदर अक्षराच्या मित्राची कदर कमी झाली नाही, उलट वाढली. पुढे शिशाचे खिळे आणि ट्रेडल यंत्र गावोगाव पोचले. जुळारी खिळे जुळवी, गणपतीचा ठसा माथ्यावर बसवी, आणि ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ या शब्दांनी आरंभ होणारा मजकूर सर्वत्र एकाच साच्याचा झाला. १८७८ मध्ये पुण्यात स्थापन झालेली चित्रशाळा आणि १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला राजा रविवर्मा यांचा छापखाना यांनी देवादिकांची रंगीत चित्रे घराघरांत नेली. पत्रिकेवरच्या गणपती-लक्ष्मीचा तोंडवळा त्या चित्रांनी बराचसा ठरविला.

छापील पत्रिकेस टपालाची सवलतही मिळाली. पाकीट न चिकटविता पाठविलेला छापील मजकूर बुकपोस्टाच्या स्वस्त दराने जाई. त्यात हाताने खाजगी मजकूर घातला की पत्राचा दर पडे. ‘मुलांना घेऊन आठ दिवस आधी ये’ ही एक ओळ बहिणीस लिहावयाची झाली, तर तिच्यासाठी जास्तीचे तिकीट लावणे आले. ते लावले जाई, हे सांगावयास नकोच.

‘ळ’ नसलेल्या गावात

परप्रांतातील मराठी माणसाची खरी अडचण पुढेच होती. देवनागरी खिळे उत्तर हिंदुस्थानात सर्वत्र मिळत. पण ते हिंदीसाठी ओतलेले. त्यांतले अ, झ, ण यांचे कलकत्ता वळण मुंबई वळणाहून निराळे होते. प्रमाण देवनागरीत पुढे मुंबईकडील रूपे मान्य झाली, तेव्हा हा भेद मिटला. पण ‘ळ’चे काय? प्रचलित हिंदीस या अक्षराची गरज नाही. तेव्हा जुळाऱ्याच्या पेटीत त्याचे घर रिकामे. लोकमान्य टिळकांचे ‘तिलक’ हिंदीने केले ते चालून गेले. पण काळ्यांचे काले आणि केळकरांचे केलकर घरच्या मंगलपत्रिकेत कोण चालू देईल? शिवाय ‘लग्नाची वेळ’ या ओळीची ‘लग्नाची वेल’ होई, आणि पाहुण्यांस हसू फुटे. जेथे देवनागरी खिळेच दुर्मीळ, अशा दक्षिणेकडील वा पूर्वेकडील शहरांत तर सगळाच मजकूर इंग्रजीत छापावा लागे.

यावर आमच्या मंडळातील ज्येष्ठ सभासद जो उपाय सांगतात, तो या लेखाचा गाभा होय. छापखान्यास सांगून ‘ळ’ची जागा कोरी ठेवावयाची, आणि पत्रिका घरी आल्यावर चारपाच मित्रांनी बसून ते अक्षर लेखणीने भरावयाचे. एका पत्रिकेत पाच ‘ळ’ आणि पत्रिका दोनशे धरल्या, तर एक हजार ‘ळ’ होतात. सायंकाळी कामावरून परतलेली माणसे सतरंजीवर ओळीने बसत. एकजण पत्रिका सरकवी, दोघे अक्षर भरीत, एकजण टीपकागद दाबी, आणि यजमानांच्या घरचा चहा अखंड चाले. मंडळाचे सभासदत्व म्हणजे वर्गणीची पावती, ही व्याख्या त्या सतरंजीवर अपुरी ठरत असे.

ज्यांस हेही नको होते, त्यांनी छापखानाच टाळला. मेणकागदावर टोकदार लेखणीने कोरून सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढता येत. कचेरीतून यंत्र उसने मिळण्याची सोय असली की काम एका रात्रीत उरके. त्याहून देखणे काम रेशमी पडद्याच्या छपाईचे. लाकडी चौकटीवर जाळीदार कापड ताणावयाचे. जेथे रंग नको तेथील छिद्रे बुजवावयाची. मग रबराच्या पट्टीने रंग ओढावयाचा. या कामास एकटा माणूस पुरतच नाही. कागद ठेवणारा, रंग ओढणारा, ओला कागद अलगद उचलणारा आणि दोरीवर चिमट्याने वाळत घालणारा, असे निदान चौघे लागतात. अक्षर हाताने रेखाटलेले असल्यामुळे येथे ‘ळ’ची अडचण नव्हती. बटाट्याचे किंवा लिनोलियमचे ठसे, पाण्यातील रंगांची वेलबुट्टी, रांगोळीचे ठिपके हे सारे याच घरगुती कारखान्यातले. वधूच्या मैत्रिणी रुखवताच्या तयारीसाठी जमतच. त्याच बैठकीत पत्रिकाही तयार होऊ लागल्या.

मित्रांच्या या सेवेस एक जुना जोड आहे, तो मंगलाष्टकांचा. वधूवरांची व घराण्याची नावे गुंफून नवी मंगलाष्टके रचावयाची आणि त्यांच्या प्रती मांडवात वाटावयाच्या, ही हौस मराठी घरांतून चांगलीच रुजली. बंगालात मित्रमंडळी विवाहप्रसंगी ‘प्रीति-उपहार’ म्हणून पद्ये छापून वाटीत. कलकत्त्याच्या मराठी घरांस ती चाल पाहून आपल्याच मंगलाष्टकांचे स्मरण झाले नसेल तर नवल.

पत्रिकेत उमटलेला समाज

जुन्या पत्रिका तिथीवार लावून पाहिल्या तर त्यांतून समाजाचे परिवर्तन डोळ्यांसमोर उभे राहते. १८७३ साली जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापिला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुरोहितावाचून विवाह लावून दाखविला. बोलावणे करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्नही त्याबरोबर उभा राहिला. १९२९ चा शारदा कायदा १९३० च्या एप्रिलपासून अमलात आला, वधूंचे वय वाढत गेले, आणि पुढील दशकांत ‘चि. सौ. कां.’ या अक्षरांपुढील नावामागे बी. ए., एम. ए. या पदव्या दिसू लागल्या. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानंतर नोंदणी विवाहाच्या सुटसुटीत पत्रिका निघाल्या. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध कुटुंबांच्या पत्रिकांवर गणपतीच्या जागी भगवान बुद्ध आणि बाबासाहेब विराजमान झाले. घटिका-पळांच्या जागी तास-मिनिटे आली. अन्नटंचाईच्या काळात अनेक राज्यांत पाहुण्यांच्या संख्येवर निर्बंध आले, आणि पत्रिकेतील ‘सहकुटुंब सहपरिवार’ हे शब्द संकोचले. ‘आहेर आणू नये’ ही तळटीप आली. ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ ही बाळगोपाळांची ओळ आली. परप्रांतात मराठीशेजारी हिंदी, कन्नड, बंगाली वा इंग्रजी मजकूर आला, कारण जावई वा सून त्या भाषेतून येऊ लागली होती.

यांत तिथी आगाऊ कळविण्याची निकड परप्रांतीयांस अधिक. साखरपुडा झाला की पत्रिका छापण्याची वाट न पाहता पोस्टकार्डे सुटत, कारण पाहुण्यांस रजा मिळवावयाची असे आणि दूरच्या गाडीचे आरक्षण करावयाचे असे. आगगाडीचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. तेव्हा तारीख वेळेवर कळविण्याचे व्यावहारिक महत्त्व आजही ओसरलेले नाही. १९७३ साली सुरू झालेल्या ‘कालनिर्णय’ने मुहूर्ताच्या तारखा स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणून टांगल्या, आणि पोस्टकार्ड आले की त्या तारखेभोवती वर्तुळ काढणे घरोघर सुरू झाले. ज्यांस येता येत नसे ते शुभेच्छांची तार करीत. ती तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

चौक, कागद आणि आजचे कार्ड

पुढे शिवकाशीची रंगीत कोरी कार्डे, दिल्लीचा चावडी बाजार, हैदराबादचा छत्ता बाजार यांनी पत्रिका स्वस्त व झगझगीत केली. संगणकाने ‘ळ’चा प्रश्न कायमचा सोडविला, आणि भ्रमणध्वनीने कागदच अनावश्यक ठरविला. एका क्षणात पाचशे जणांस तारीख कळते. असे असूनही अलीकडे काही तरुण जोडपी मित्रांस घरी बोलावून तारखेची कार्डे हाताने करू लागली आहेत. २०२० च्या महामारीत विवाहास पन्नासच माणसांची अनुमती होती. तेव्हा पाहुणे थोडे आणि वेळ पुष्कळ, यामुळे या हौसेस वाव मिळाला.

या कार्डांवर वारली आकृत्यांची रेलचेल असते. त्या काढणाऱ्यांस एक गोष्ट अवश्य सांगावीशी वाटते. वारली चित्राचा उगमच विवाहात आहे. घराच्या सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने ‘लग्नचौक’ लिहितात. त्यात पालघट देवी विराजते, आणि चौकावाचून लग्न लागत नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकापासून ही कला कागदावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. मिथिलेतील कोहबरही विवाहाच्या खोलीच्या भिंतीवर स्त्रियांनी मिळून काढावयाचे चित्र. विवाहाची वार्ता चित्ररूपाने, अनेक हातांनी मिळून लिहावयाची, ही कल्पना या देशात छापखान्याहून कितीतरी जुनी आहे.

कागदाविषयीही थोडे सांगावयास हवे. दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि जुन्नर ही हातकागदाची जुनी केंद्रे. जयपूरजवळील सांगानेर आजही त्यासाठी प्रसिद्ध आहे. १९३४ साली वर्धा येथे गांधीजींच्या प्रेरणेने ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि हातकागदास नवे पाठबळ मिळाले. पुण्याची हातकागद संस्था १९४० ची. चिंध्यांच्या लगद्याचा हा कागद दीर्घायुषी असतो. स्वस्त यांत्रिक कागदावरच्या पत्रिका पिवळ्या पडून मोडू लागल्या आहेत.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आमची सभासदांस एक विनंती आहे. आपल्या घरच्या जुन्या पत्रिका मंडळाच्या ग्रंथालयास द्याव्यात. देणे जिवावर येत असेल तर निदान त्यांची प्रतिमा काढू द्यावी. पत्रिकेच्या सोबत एका चिठ्ठीवर अक्षर कोणाचे, चित्र कोणाचे, प्रती किती आणि मदतीस कोण कोण होते, एवढे लिहावे. कारण पत्रिकेवर वधूवरांची, आईवडिलांची, काकामामांची नावे असतात, पण ‘ळ’ भरणाऱ्या मित्रांची नावे कोठेच नसतात, आणि ती सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत. पत्रिका वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, त्यातील आम्लाने कागद करपतो. प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करू नयेत. उजेडात ठेवू नयेत, कारण हळदीचा रंग उजेडाने उडतो. धुतलेल्या सुती कापडात, कोरड्या जागी ठेवाव्यात.

आमच्या नातवंडांपैकी पुष्कळांस मराठी बोलता येते, वाचता येत नाही. त्यांच्या शाळेत दुसरी लिपी आहे. त्यांच्या विवाहाची कार्डे कोणत्या भाषेत निघतील, हे त्यांनीच ठरवावयाचे आहे. परंतु कार्डाच्या कामासाठी त्यांनी मंडळाचे सभागृह अवश्य मागावे. सतरंजी, चहा आणि सुवाच्य अक्षराची दोनचार वृद्ध माणसे एवढी सामग्री तेथे आजही सिद्ध आहे. आणि ‘ळ’ कसा काढावयाचा, हे ती माणसे आनंदाने शिकवतील.